वांद्रे बँडस्टँडचा समुद्रकाठ: जागा कशी आहे आणि तिला पोसतं कोण

बँडस्टँडबद्दल जे काही लिहिलं जातं ते बहुतेक शाहरुखच्या बंगल्याबद्दल, सी-लिंकच्या फोटोंबद्दल, नाहीतर खडकांवर बसणाऱ्या जोडप्यांबद्दल असतं. फिरायची सार्वजनिक जागा म्हणून बँडस्टँड कसं आहे, ते राखतं कोण आणि राखायला पैसा लागतो तो कसा उभा राहतो, हे कुठे वाचायला मिळत नाही. मी वांद्र्याच्याच पूर्वेला, खेरवाडीत राहते. नोकरी एका छोट्या सीए फर्ममध्ये झाली आणि माझ्या टेबलावर यायचे ते सार्वजनिक न्यासांचे हिशेब. देवळं, शाळा, वाचनालयं, बागा. कुठलीही बाग पाहिली की फुलांच्या आधी मला प्रश्न पडतो, माळ्याचा पगार कोणत्या खात्यातून निघतो? बँडस्टँड मला आवडतं त्यात या प्रश्नाचा मोठा वाटा आहे.

आधी जागेबद्दल. वांद्रे स्टेशनाबाहेरून फादर ॲग्नेल आश्रमाकडे जाणारी बस घ्यावी आणि शेवटी उतरून आधी किल्ल्यात जावं, मग उत्तरेकडे प्रोमेनाडवर चालत यावं. किल्ला 1640 सालचा, पोर्तुगीजांचा. माहीमच्या खाडीत शिरणाऱ्या जहाजांवर इथून नजर ठेवता यायची आणि जहाजांना पिण्याचं गोडं पाणीही इथे मिळायचं. आता तटाचा थोडा भाग आणि वेशीची कमान उरली आहे. कमानीतून आत गेलं की पायऱ्या, झाडं, दगडी बैठका, आणि समोर दक्षिणेला सी-लिंक वरळीकडे निघालेला. पायऱ्या गुडघ्यांना जड जातात, हे ज्येष्ठांनी लक्षात ठेवावं. वर जायची घाई नसेल तर खालच्या ॲम्फीथिएटरच्या पायऱ्यांवर बसावं. बांधताना नैसर्गिक खडक आणि झाडं जिथल्या तिथे ठेवली आहेत, त्यामुळे मुंबईतल्या कुठल्याही सभागृहात मिळणार नाही असा वारा इथे अंगावर येतो.

प्रोमेनाड साधारण किलोमीटरभराचा. डाव्या हाताला समुद्र, उजवीकडे रस्ता आणि इमारती. चालायची वाट सलग आहे, मध्ये दुचाकी घुसत नाही, आणि बसायला कठडा जवळजवळ सगळीकडे आहे. ओहोटीला काळे खडक लांबवर उघडे पडतात. त्यांच्या खळग्यांत साठलेल्या पाण्यात खेकडे, शंख, बारके मासे दिसतात, आणि कधीकधी चिंबईकडच्या बायका कोयती घेऊन कालवं काढत असतात. लहान मुलांना घेऊन जायचं तर ओहोटीची वेळ बघूनच जावं, आणि पाणी चढायला लागलं की खडकांवरून परत फिरावं. इथे पाणी पुढून येतं तसं बाजूनेही येतं आणि माणूस बेटावर अडकतो. याबाबतीत पहारेकरी शिट्टी मारतात तेव्हा त्यांच्याशी हुज्जत घालणारे लोक मला अजिबात समजत नाहीत.

दुपारी जाऊ नये. वाटेवर सावली तुटपुंजी आहे. रविवारी संध्याकाळी बंगल्यासमोर एवढी गर्दी होते की चालणं होतच नाही. सकाळी साडेसहा ते आठ ही सर्वांत चांगली वेळ. खायला बाहेर चणे-शेंगदाणे, कणीस, चहा, बाकी फार काही नाही, आणि नाही तेच बरं.

आता मुद्द्याचं. ही वाट आणि किल्ल्याची जागा रहिवाशांची एक संस्था सांभाळते, बांद्रा बँडस्टँड रेसिडेंट्स ट्रस्ट. प्रोमेनाडचं काम वास्तुरचनाकार पी. के. दास यांनी केलं, कार्टर रोडचंही त्यांचंच. पुढे 2003 मध्ये या ट्रस्टने किल्ला वाचवायचं काम हातात घेतलं. तेव्हाची अवस्था वाईट होती. तटाच्या सांध्यांत झाडांची मुळं शिरली होती, वेशीची वीटकामाची दर्शनी बाजू कोसळायच्या बेतात होती, आणि भरतीच्या पाण्याने पाया आतून पोकळ झाला होता. पोकळ्या भरल्या, दगडी भिंती दुरुस्त केल्या, पायवाटा घातल्या, ॲम्फीथिएटर केलं. खर्च सुमारे 25 लाख रुपये, आणि तो आला तेव्हाच्या राज्यसभा खासदार शबाना आझमी यांच्या स्थानिक क्षेत्र विकास निधीतून. त्या राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होत्या, आणि नियुक्त सदस्याला हा निधी देशात कुठेही देता येतो. तो वांद्र्याच्या या टोकाला मिळाला हे आपलं भाग्य, आणि मागायला रहिवाशांची नोंदणीकृत, हिशेब ठेवणारी संस्था तयार होती हे त्या भाग्यामागचं कारण, असं मी म्हणेन.

पण खासदार निधीचा एक नियम आहे. त्यातून टिकाऊ मालमत्ता उभी करायची असते. भिंत बांधता येते, वाट घालता येते, दिव्याचा खांब उभारता येतो. झाडूवाल्याचा महिना भरता येत नाही. पुढची वीस-बावीस वर्षं तो महिना कोणीतरी भरत आलं आहे म्हणून आपण तिथे फिरतो आहोत.

समुद्राकाठच्या बागेची देखभाल आणि गल्लीतल्या बागेची देखभाल यांत किती फरक आहे, हे पावसाळ्यात तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. जुलैमध्ये अमावास्येच्या मागेपुढे मोठी भरती येऊन गेल्यावर मी सकाळी गेले होते. कठड्याच्या आत, वाटेवर, घोट्याएवढा कचऱ्याचा थर. दुधाच्या पिशव्या, एकेकट्या चपला, थर्माकोल, औषधांच्या बाटल्या, नारळाच्या करवंट्या, आणि सगळ्याला चिकटलेली काळी चिखलवाळू. दोन कामगार फावड्याने तो थर खरवडत होते. झाडू चालतच नाही, कारण ओली वाळू झाडूला जुमानत नाही. मी त्यातल्या वयस्कांना विचारलं, "काका, हे असं रोज?"

"रोज नाय ताई. भांगेला, लहान भरतीला, काय नसतं. उधाणाला लय येतं. हे आता दुपारपर्यंत काढायचं, पुढच्या भरतीला परत येणार."

"मग काढायचं कशाला एवढं?"

"सकाळी चालणारे येतात ना. वाळू राहिली की घसरतात."

त्यांनी फावडं टेकवून मला एक फरशी दाखवली. वरून बरोबर दिसत होती, पायाने दाबली तर डुगडुगली. लाट कठड्यावरून आत येते, परत जाताना फरशीखालची वाळू ओढून नेते, आणि आतून पोकळी होते. फरशी उचलायची, भर घालायची, पुन्हा बसवायची. पुढच्या उधाणाला शेजारची. खाऱ्या हवेने लोखंडी कठडे पापुद्र्यांसारखे सुटतात, दिव्यांच्या पेट्यांत मीठ साचून वायरी खातं, हिरवळ लाटेच्या एका फवाऱ्यात करपते. यातलं काहीच उद्घाटनाच्या फोटोत येत नाही. हाच खरा खर्च, आणि तो दर वर्षी, न चुकता.

या खर्चाला पैसा आणायचा कुठून? लोक लगेच म्हणतात, सीएसआर आहे की. 2013 च्या कंपनी कायद्यामुळे मोठ्या कंपन्यांना मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. मुंबईत अशा कंपन्यांची वाण नाही. पण मी या पैशांच्या फायली हाताळल्या आहेत. सीएसआरमधला दीर्घ प्रकल्पसुद्धा सुरुवातीचं वर्ष सोडून 3 वर्षांचा असतो. आणि जानेवारी 2021 पासून सीएसआरची रक्कम कोणत्याही संस्थेच्या कॉर्पसमध्ये, म्हणजे मूळ निधीत, देता येत नाही. हे दुसरं कलम फार थोड्यांना माहीत आहे. बागेला गरज असते ती नेमकी मूळ निधीची. रक्कम बँकेत राहावी, तिच्या व्याजावर माळी, पहारेकरी, फरशी आणि दिवे चालावेत, आणि मूळ रकमेला कोणी हात लावू नये. कायद्याने ती वाट कंपन्यांना बंद केली. हेतू चांगला होता, पैसा संस्थांच्या तिजोरीत पडून राहू नये. पण शाळेची इमारत आणि समुद्राकाठची बाग एकाच मापाने मोजली गेली.

परिणाम मी एका खाडीकाठच्या उद्यानाच्या बाबतीत पाहिला. नाव लिहीत नाही. एका कंपनीने मोठ्या हौसेने पैसे दिले, संगीतावर नाचणारं कारंजं झालं, बांबूची कमान झाली, दगडावर नाव कोरलं. वह्यांमध्ये 3 वर्षं देणगीची नोंद ठळक, चौथ्या वर्षी तो रकाना कोरा. कंपनीने काही चुकीचं केलं नव्हतं, मुदत संपली होती. पंप आधी बंद पडला, मग दिवे, मग पहारेकरी कमी केला, आणि पहारेकरी नाही म्हणून फाटकाला कुलूप लागलं. आसपासच्या मुलांनी भिंतीवरून उड्या मारून तीच जागा वापरली. त्या कुलपाचा मला आजही राग येतो.

लग्नाला आहेर करायला सगळे येतात, संसारात महिन्याच्या शेवटी मात्र घरच्यांनाच भागवावं लागतं. समुद्रकाठच्या बागांचं तसंच आहे, आणि घरचे म्हणजे रहिवासी. माणशी थोडी, पण दर वर्षी येणारी वर्गणी हाच सर्वांत भरवशाचा पैसा, हे मी डझनावारी ताळेबंद पाहून सांगते. न्यासाला 80जी म्हणून ओळखलं जाणारं करसवलतीचं प्रमाणपत्र असेल तर जुन्या करपद्धतीत देणगीदाराला सवलत मिळते. रोख दिलेल्या 2,000 रुपयांच्या वरच्या देणगीला मिळत नाही, म्हणून चेकनेच द्यावं. आता पगारदार माणूस आपोआप नव्या करपद्धतीत जातो आणि तिथे 80जी नाहीच. वर्गणी गोळा करणाऱ्या विश्वस्तांना आता सवलतीचं आमिष दाखवता येत नाही, बाग दाखवूनच मागावं लागतं. आणि देणगी देताना पावतीवर "मूळ निधीसाठी" असं लिहून घ्यावं. तेवढ्या शब्दांनी ती रक्कम चालू खर्चाच्या खात्यातून बाहेर पडते आणि टिकते. वैयक्तिक देणगीदाराला ही मुभा आजही आहे, जी कंपनीच्या सीएसआरला नाही. म्हणूनच एखाद्या निवृत्त शिक्षिकेने मूळ निधीत दिलेले दहा हजार मला कंपनीच्या कारंज्यापेक्षा मोलाचे वाटतात.

माझी भाची न्यूयॉर्कला असते. तिने मला फोनवर ब्रुकलिन ब्रिज पार्क फिरवून दाखवलं, जुन्या मालधक्क्यांवर केलेली 85 एकरांची बाग. 2002 मध्ये शहर आणि राज्याने ठरवलं की ही बाग स्वतःचा खर्च स्वतः भागवेल. म्हणून आवारातल्या थोड्या जमिनीवर इमारती आणि हॉटेल होऊ दिलं आणि त्यांच्याकडून येणाऱ्या भाड्यावर बाग चालते. कार्यक्रम आणि शिकवण्यांसाठी देणग्या गोळा करणारी धर्मादाय संस्था वेगळी. मला सर्वांत लक्षात राहिलं ते पाण्याखालचं. धक्के उभे आहेत ते सुमारे 12,000 लाकडी खांबांवर, आणि बंदराचं पाणी स्वच्छ झाल्यावर लाकूड पोखरणारे समुद्री किडे परत आले. ते खांब एकेक करून काँक्रीटने नाहीतर इपॉक्सीने मढवावे लागतात, आणि बागेच्या पैशातला फार मोठा भाग त्यात जातो. हिरवळीवर लोळणाऱ्या कोणालाही तो खर्च दिसत नाही. बँडस्टँडची डुगडुगणारी फरशी आणि ते खांब एकाच जातीचे.

भाची म्हणाली, "मावशी, मुंबईत पण असं करायला पाहिजे, थोडी जमीन भाड्याने द्यायची आणि बाकीची बाग." मला ते इथे नको. आपल्याकडे किनाऱ्याच्या बांधकामाला सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांची आडकाठी आहे ती गरजेची आहे, आणि "थोडी जमीन" देण्याचा अनुभव आपल्या गाठीशी आहे. महापालिकेने मैदानं आणि उद्यानं काळजीवाहू म्हणून संस्थांकडे दिली, त्यातल्या काही ठिकाणी क्लब उभे राहिले आणि सभासद नसलेला माणूस फाटकाबाहेर राहिला. जानेवारी 2016 मध्ये दत्तक धोरण आलं तेव्हा नागरिकांनी एवढा विरोध केला की ते स्थगित करावं लागलं आणि भूखंड परत घ्यायचं काम सुरू झालं. 2023 मध्ये पुन्हा मसुदा आला, पुन्हा तोच वाद. माणशी दीड चौरस मीटरही मोकळी जागा नसलेल्या शहरात लोकांची ही भीती रास्त आहे.

तरीही सगळ्या संस्था एका माळेत ओवू नयेत. बँडस्टँडला फाटक नाही, तिकीट नाही, सभासदत्व नाही. नेपियन सी रोडचं प्रियदर्शिनी पार्क मलबार हिल सिटिझन्स फोरम चालवतं, तेही समुद्राला लागून आणि लोकांसाठी खुलं. संस्था भाडं उकळायला आली आहे की जागा राखायला, हे कळायला दोन गोष्टी पुरेत. एक, परगावचा माणूस न विचारता आत जाऊ शकतो का. दोन, तिचे हिशेब वेळेवर दाखल होतात का. माझ्या हातात असतं तर मुंबईतल्या प्रत्येक समुद्रकाठच्या बागेच्या तोंडाशी देणगीदारांच्या पाटीच्या शेजारी मी वर्षाचा उत्पन्न-खर्च लावला असता. किती आले, कोणाकडून आले, मूळ निधी किती, पगारावर किती. चार ओळी.

हे आत्ताच ठरायला हवं, कारण कोस्टल रोडमुळे मुंबईला कधी नव्हे एवढा नवा किनारा मिळाला आहे. 111 हेक्टर भराव, त्यातली 70 हेक्टर मोकळी जागा ठेवायची असं महापालिकेचं म्हणणं. एवढ्या मोठ्या पट्ट्यावर झाडं लावायला पैसे देणारे रांगेत उभे राहतील यात मला शंका नाही. मला दहाव्या वर्षाच्या जुलैची काळजी आहे. तिथे समोर राहणारी वस्ती नाही, मध्ये आठ पदरी रस्ता आहे. सकाळी चालायला येणाऱ्याला "ही माझी वाट" असं वाटलं नाही तर वर्गणी देणार कोण आणि डुगडुगणारी फरशी कळवणार कोण? मोठ्या देणगीदाराबरोबर करार करताना देखभालीची वर्षं, पाटीचा आकार, आणि करार संपल्यावर जागेचं काय, हे आधी लिहून घ्यायला हवं. आणि त्या करारात रहिवाशांच्या, चालणाऱ्यांच्या, कोळीवाड्यांच्या संस्थेला जागा हवी. वरळी कोळीवाड्यातल्या माणसाला तिथला समुद्र माझ्यापेक्षा आणि कोणत्याही लँडस्केप आर्किटेक्टपेक्षा जास्त कळतो.

बँडस्टँडला मी पाचपैकी साडेचार देते. अर्धा कापला तो उन्हाचा आणि उधाणाबरोबर येणाऱ्या कचऱ्याचा. कचरा तर आपणच मिठी नदीतून आणि नाल्यांतून पाठवलेला असतो. बँडस्टँडच्या रस्त्याला बैरामजी जीजीभॉय यांचं नाव आहे. एकोणिसाव्या शतकातले पारशी दानशूर, या टोकावर त्यांचं घर होतं. दानाची सवय या जागेला जुनी आहे.

जायचं असेल तर पावसाळ्यात एकदा जरूर जा, मोठ्या भरतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. फावडं घेऊन उभ्या असलेल्या काकांना चहा विचारा. आवडलं तर वर्गणी द्या, चेकने, आणि पावतीवर मूळ निधी असं लिहून घ्या. तुमच्या घराजवळ अशी एखादी बाग कोणत्या न्यासाकडे असेल तर तिचे हिशेब बघायला वरळीला ॲनी बेझंट रोडवरच्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाता येतं. न्यासाचा नोंदणी क्रमांक बरोबर न्यावा, ठरलेलं शुल्क भरून अर्ज करावा. आधी ताळेबंद मागा आणि त्यात "इअरमार्क्ड फंड" (ठरावीक कामासाठी राखलेला निधी) आणि "कॉर्पस" या दोन ओळी शोधा. त्यानंतर शेड्यूल नऊ, म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रक, आणि त्यात पगार आणि दुरुस्ती. या दोन नोंदींपुढे काही लिहिलेलंच नसेल, तर पुढच्या वार्षिक सभेला जाऊन विचारा.